समोरची भिंत

गुलाब निमगडेला कोणाच्याही घरी गेलं की छत ठोकून बघायची खोड होती. हात पोचला नाही तर छत्रीच्या टोकानं, काठीनं, आणि एकदा तर व्याह्यांच्या घरी झाडूच्या दांड्यानं. त्याच्या सुनेच्या, रिनाच्या, माहेरचे लोक अजून ती गोष्ट सांगून पोट धरून हसतात. हसू देत. बत्तीस वर्षं जमिनीखाली काढल्यावर त्यांनाही अशा खोडी लागल्या असत्या. माजरीकडच्या एका भुयारी खाणीत गुलाब टिंबर मिस्त्री होता. कोळसा काढून झाला की वरच्या छताला लाकडी बल्ल्यांचा टेकू देणं हे त्याचं काम, आणि त्याआधी लोखंडी सब्बलीनं छत ठोकून आवाज ऐकणं हे त्याहून मोठं काम. खणखणीत आवाज आला तर खाली बसून डबा खायचा. ढब असा पोकळ आवाज आला तर डबा, टोपी, चप्पल काही न बघता पळायचं. साहेब लोक यंत्रं घेऊन उतरायचे, तरी मजूर आधी विचारायचे, "गुलाबभाऊनं ठोकलं का?"

निवृत्त झाल्यावर त्यानं भद्रावतीला घर बांधलं. स्लॅबची सेंट्रिंग निघाली त्या दिवशी तो शिडी लावून वर चढला आणि दोन तास एकेक वीत ठोकत बसला. खाली त्याची बायको अंजनाबाई चहाचा कप धरून उभी. "भेटला का कुठी पोकळ?" तिनं विचारलं. "नाई," तो म्हणाला, आणि त्याच्या तोंडावर जे समाधान होतं ते मुलाच्या लग्नातही कोणी पाहिलं नाही.

घरात पाऊल टाकलं की समोरची भिंत दिसायची. तिच्यावर डावीकडे बुद्ध आणि उजवीकडे बाबासाहेब. टांगलेले फोटो नव्हते ते. अंजनाबाईनं चंद्रपूरला जाऊन, चार दुकानं पालथी घालून आणलेल्या टाइल्स होत्या, सिमेंटात पक्क्या बसवलेल्या, आणि दोघांभोवतीही काळ्या ग्रॅनाइटची वेगवेगळी चौकट, भिंतीपासून दोन इंच पुढे आलेली. बांधकामाच्या वेळी खुशाल मिस्त्री म्हणाला होता, "गुलाबभाऊ, फोटो टांगा न. खिळा मारून देतो. उद्या रंग द्याचा राह्यला तं काढता येते."

"म्हनूनच टांगत नाई," गुलाब म्हणाला. "काढता येते ते नाई पाह्यजे मले."

कारण एकेकाळी त्या दोघांना भिंतीवरचा फोटो उतरवावा लागला होता. लग्नानंतर तीन वर्षं ती दोघं वरोऱ्याला भाड्याच्या खोलीत राहिली. घरमालक अधूनमधून चक्कर टाकायचा. जिन्यावर त्याच्या चपला वाजल्या की अंजनाबाई खिळ्यावरची फ्रेम उतरवून गादीखाली सरकवायची आणि तो गेला की पुन्हा टांगायची. त्या तीन वर्षांत फ्रेमची काच दोनदा तडकली. दुसऱ्यांदा तडकली तेव्हा अंजनाबाई रडली नाही, नुसतं म्हणाली, "आपलं घर होईन तेव्हा भिंतीतच गाडजो." गुलाबनं तिचा शब्द पाळला. ती गेली त्याला आता चार वर्षं झाली. ती रोज संध्याकाळी जिथं मेणबत्ती लावायची तिथं, चौकटींच्या खालच्या अंगाला, धुराचा एक पिवळट डाग राहिला होता आणि गुलाब तो कोणाला पुसू देत नसे.

मुलगा आयुष. एकुलता एक. बारावीनंतर नागपूरला इंजिनिअरिंगला निघाला त्या दिवशी अंजनाबाईनं त्याच्या गळ्यात बाबासाहेबांचं चांदीचं पदक घातलं आणि गुलाब त्याला एसटीनं सोडून आला. पोरगं शिकलं, मग परीक्षा देऊन बँकेत लागलं, आता चंद्रपूरच्या शाखेत अधिकारी. रिना एका इंग्रजी शाळेत शिकवते. दोघं गुणी. गुलाबला त्यांच्याबद्दल तक्रार करायची म्हटली तर आठवून करावी लागली असती.

मागच्या वर्षी आयुषनं गाडी घेतली तेव्हा बँकेतली चार कुटुंबं घरी आली होती. मॅनेजरसाहेबांची बायको हसत हसत आत आली, सोफ्यावर टेकली, समोरच्या भिंतीकडे तिची नजर गेली आणि तिला एकदम आठवलं, "अगं बाई, आज माझा उपवास." रिनानं साबुदाणा करून देते म्हटलं, तेही नको. पाणीसुद्धा तिनं स्वतःच्या बाटलीतलं प्यायलं. तासाभरानं रिना औषध आणायला चौकात गेली तर उपवासवाल्या बाई पाणीपुरीच्या गाड्यावर उभ्या. घरी येऊन रिनानं हे फक्त गुलाबला सांगितलं, स्वयंपाकघरात, ओट्याला धरून. गुलाबनं त्या बाईसाठी वाढून ठेवलेलं ताट पुढं ओढलं आणि म्हणाला, "जाऊ दे पोरी. तिच्या वाट्याचं मी खातो." सगळं ताट त्यानं चाटूनपुसून खाल्लं. विषय संपला असं त्याला वाटलं. म्हाताऱ्या माणसांना विषय लवकर संपल्यासारखे वाटतात.

उन्हाळ्यात आयुषनं घराचं इंटिरिअर करायचं काढलं. चंद्रपूरहून खुशबू मॅडम आल्या. वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, हातात टॅब, बोलणं गोड. "अंकल, तुम्हीपण बसा. घरातल्या सगळ्यांची चॉइस कळली पाहिजे मला," असं म्हणून तिनं गुलाबला शेजारी बसवलं आणि बोटानं एकेक चित्र सरकवायला लागली.

पहिल्यांदा आलं मॉडर्न. सगळं पांढरं आणि चकचकीत, माणूस बसला तर डाग पडेल असं. मग मिनिमल, म्हणजे घरात काहीच नाही. गुलाबला वाटलं, हे लोक अजून राहायला आले नसतील. मग इंडस्ट्रियल. विटा उघड्या, छताला काळे पाइप, साखळीला लोंबणारे बल्ब.

"हे तं आमचं पंपहाऊस होय," गुलाब म्हणाला. "इथी लोकं मर्जीनं राह्यतात?"

मॅडम हसली आणि पुढचं चित्र काढलं. रस्टिक. भिंती शेणामातीनं लिपल्यासारख्या दिसाव्यात म्हणून खास रंग, तोही नेहमीच्या रंगाच्या तिप्पट महाग. गुलाबचा बाप सोमाजी जन्मभर मातीच्या भिंती लिपत राहिला आणि पोरगा त्यातून सुटावा म्हणून त्यानं त्याला खाणीत धाडला. गुलाबनं ते सांगितलंही, पण मॅडमला त्यात गंमत वाटली. "सो स्वीट," ती म्हणाली. मग आलं ट्रायबल. भामरागडच्या बाजारात मोहफुलं भरून आणतात तसली बांबूची टोपली उलटी टांगून तिचा दिवा केलेला, आणि भिंतीवर धनुष्यबाण. ज्यांचे ते धनुष्यबाण होते त्यांना या सोफ्यावर कोणी बसवलं असतं का, असं विचारावंसं गुलाबला वाटलं, पण पोरीचा हिरमोड कशाला करा म्हणून तो गप्प बसला.

शेवटी आलं झेन. बुटकं फर्निचर, गडद लाकडी पट्ट्यांची भिंत, कोपऱ्यात बांबूचं रोप, मंद उजेड. "हे जपानी," मॅडम म्हणाली, आणि आयुष खुर्चीतून पुढं सरकला. "हेच," तो म्हणाला. "असंच करू."

"करा," गुलाब म्हणाला. "जपानी करा, नाई तं चिनी करा. माही एकच अट आहे. समोरच्या भिंतीले हात लावाचा नाई."

रिना पदराच्या टोकाशी चाळा करत होती. आयुषनं एकदा तिच्याकडे आणि एकदा भिंतीकडे पाहिलं. "नाई लावत, बाबा," तो म्हणाला. "वचन." खुशबू मॅडमनं टॅबवर त्या भिंतीच्या फोटोवर लाल रेघ ओढली आणि गुलाबला दाखवून लिहिलं: भिंतीला हात नाही.

काम सुरू होणार म्हटल्यावर गुलाबला मुलचेऱ्याला पुतण्याकडे, धम्मदीपकडे, पाठवायचं ठरलं. "धूळ उडन, बाबा. तुमच्या छातीले चालत नाई," आयुष म्हणाला, आणि ते खरंच होतं, कोळशानं गुलाबची फुप्फुसं आधीच अर्धी करून ठेवली होती. पंधरा दिवसांचे चाळीस झाले. धम्मदीप तिथं शाळेत मास्तर. आजूबाजूच्या बंगाली गावांतून ताजे मासे यायचे, संध्याकाळी तलावाच्या पाळीवर बसायला मिळायचं. रोज फोनवर आयुष म्हणायचा, "बस, थोडंसं राह्यलं." गुलाब विचारायचा, "भिंत?" आयुष म्हणायचा, "भिंत तशीच आहे." त्यात एका अक्षराचंही खोटं नव्हतं. खोटं बोलायचं नाही हे पोराला गुलाबनंच शिकवलं होतं.

शनिवारी दुपारी तो परत आला. दाराबाहेर जिथं 'गुलाब सोमाजी निमगडे' अशी पितळी पाटी होती तिथं आता लाकडाच्या चकतीवर 'आयुष–रिना' एवढंच होतं, इंग्रजीत, वळणदार. "आडनावं आउट ऑफ फॅशन आहेत आता," रिना घाईघाईनं म्हणाली. गुलाबनं मान हलवली आणि आत पाऊल टाकलं.

समोर भिंत नव्हती. म्हणजे होती, पण छतापासून जमिनीपर्यंत गडद तपकिरी पट्ट्यांनी मढवलेली, आणि मधोमध दाराएवढा टीव्ही. डाव्या अंगाला बुटक्या टेबलावर बुद्धाचं डोकं. नुसतं डोकं, मानेपासून खाली काही नाही, खालून पिवळा उजेड सोडलेला. भद्रावतीत वाढलेल्या माणसाला हे बघवणं अवघड होतं. विजासनच्या लेण्यात दगडाचा बुद्ध बसलेला आहे, झिजला, नाकडोळे पुसट झाले, पण सगळाच्या सगळा बसला आहे.

"याचं धड कुठी आहे?" गुलाबनं विचारलं.

"असंच मिळतं, बाबा," रिना म्हणाली. "डेकोरचं आहे."

"अन् टाइल्स?"

आयुष चपला काढायला वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. "तुमी आधी हातपाय धुवा, बाबा. जेवा. उद्या दुपारी बँकेतले लोकं येऊन राह्यले जेवाले, रिना सकाळपासून राबून राह्यली. उद्याचं होऊन जाऊ द्या, मंग बोलू आपन."

गुलाबनं हातपाय धुतले, जेवला, आपल्या खोलीत जाऊन पडला. पंधरा मिनिटांनी उठला. दोघं बाजारात गेली होती. त्यानं पलंगाखालची ट्रंक ओढली आणि तिच्यातून हातभर लांबीची जुनी सब्बल काढली, जी निवृत्तीच्या दिवशी खाणीतल्या पोरांनी त्याला हारासोबत दिली होती.

आधी त्यानं छत ठोकलं. ढब. दिवे बसवायला खाली नवं खोटं छत केलं होतं, आणि ज्या स्लॅबमध्ये एक वीतभर पोकळ जागा नव्हती तो स्लॅब कुठंतरी वर राहून गेला होता. कपाट ठोकलं, ढब. टीव्हीखालचं टेबल, ढब. खाणीत एवढे ढब एका पाळीत ऐकले असते तर त्यानं अख्खी खाण रिकामी केली असती. मग तो पट्ट्यांच्या भिंतीशी आला. खालून सुरुवात केली, सावकाश, कान जवळ नेऊन. ढब. ढब. ढब. टीव्हीच्या वर हात नेला. ढब. टीव्हीच्या उजव्या कडेला छातीच्या उंचीवर सब्बल टेकवली आणि आवाज बदलला.

टण् नव्हे, पण भरीव. मुका. मागं काहीतरी दगडी आहे आणि ते पट्टीच्या पाठीला टेकलं आहे असा. गुलाबनं बोट ठेवलं, वीतभर खाली ठोकलं, तसाच आवाज. आडवा गेला, तसाच. ठोकत ठोकत त्यानं त्या तपकिरी पट्ट्यांवर बोटानं एक चौकोन काढला, आणि तो चौकोन किती बाय किती होता हे त्याला मोजायची गरज नव्हती. बाबासाहेबांभोवतीची ती ग्रॅनाइटची चौकट त्यानं स्वतः धरून बसवली होती.

टाइल्स तिथंच होत्या. भिंतीला कोणी हात लावला नव्हता.

आयुष्यभर भरीव आवाज आला की त्याच्या जिवात जीव यायचा. आज तो आवाज ऐकून त्याला तिथंच खाली बसावं लागलं. टाइल्स फोडल्या असत्या तर तो ओरडला असता, रडला असता, धम्मदीपला फोन केला असता. पण हे म्हणजे जिवंत माणसाला भिंतीत चिणून वर क्रिकेट लावण्यासारखं होतं, आणि त्यावर कसं ओरडायचं तेच त्याला सुचेना.

रविवारी दुपारी बाराला लोक आले. मॅनेजर, त्यांची बायको, आणि या वर्षी नव्यानं बदलून आलेली तीन जोडपी. खुशबू मॅडमही आल्या, आपलं काम दाखवायला. "वॉव," सगळ्यांनी म्हटलं. मॅनेजरीणबाईंनी डोळ्यांवरचा गॉगल काढून बुद्धाच्या डोक्याशेजारी ठेवला आणि त्या डोक्याकडे बघत म्हणाल्या, "किती पॉझिटिव्ह वाटतं हो! आम्हीपण आणणार होतो, पण वास्तूवाले म्हणतात भेट मिळालेला चांगला."

"जपानी थीम आहे, मॅडम," आयुष म्हणाला. घरात तो कधी असं पुस्तकी बोलत नसे.

रिनानं वडाभात केला होता, भरली वांगी, कढी, जवसाची चटणी. ताटं वाढली गेली. टीव्हीवर सामना सुरू होता. तेवढ्यात गुलाब आपल्या खोलीतून बाहेर आला. पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, दाढी केलेली. तो कोणाकडे न बघता समोरच्या भिंतीपुढं जाऊन उभा राहिला, हात जोडले आणि गुडघे टेकून, कपाळ जमिनीला लावून, तीनदा वंदन केलं. या घरात जेवणाआधी तो रोज करायचा तसं. अंजनाबाई असताना दोघं मिळून करायची तसं.

टीव्हीवर कोणीतरी चौकार मारला.

"अंकल क्रिकेटचे एवढे भक्त?" एक जण म्हणाला, आणि दोन-चार जण हसले. वाईट हेतूनं नाही. त्यांना खरंच काय समजणार होतं.

गुलाबनं मान वळवून आयुषकडे पाहिलं. आता सांगेल, असं त्याला वाटलं. एवढंच सांगायचं होतं की मागं आमचे बाबासाहेब आहेत. एक वाक्य.

आयुषच्या हातातला पोळीचा तुकडा तसाच राहिला. "बाबा विसरतात आजकाल," तो म्हणाला. "वय झालं. चला बाबा, तुम्ही आत आराम करा."

"हो का? अरेरे," मॅनेजरीणबाई म्हणाल्या. "आमच्या सासऱ्यांचंही असंच झालं होतं."

गुलाब उठला. गुडघे कुरकुरले, कोणीतरी त्याला हात दिला, त्यानं तो घेतला आणि आत जाऊन पलंगावर बसला. पातळ दारातून बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. वांगी छान झाली, रेसिपी द्या, अजून थोडी कढी, पुरे पुरे, बरं वाढा. त्याचं ताट रिना आत घेऊन आली. तिचे डोळे लाल होते आणि तरी ती हसत होती, आणि ते हसू गुलाबला आयुष्यात पाहिलेल्या कुठल्याही रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "त्या उपवासवाल्या बाईंनी दोनदा भाजी घेतली. भात बी घेतला. आपल्या गिलासातलं पानी पेल्या."

गेल्या वर्षी गुलाबनं या पोरीसाठी एक ताट खाल्लं होतं आणि त्यात सगळं आलं असं त्याला वाटलं होतं. तिच्या पोटात ते ताट वर्षभर तसंच पडून होतं हे त्याला आज कळलं. "बरं झालं," तो म्हणाला. तिच्यावर तो रागावू शकला नाही, आणि रागावता येत नाही याचाच त्याला जास्त संताप आला.

तीन वाजता शेवटची गाडी गेली. आयुषनं दार लावलं आणि वळला तर गुलाब भिंतीपुढं उभा होता, हातात सब्बल.

"बाबा."

"सरक."

"बाबा, तोडा. मी अडवत नाई तुमाले," आयुष म्हणाला. पुस्तकी बोलणं पाहुण्यांसोबत निघून गेलं होतं. "घर तुमचं, भिंत तुमची. पन एक गोष्ट सांगा मले अन् मंग तोडा."

"तू मले येडा ठरवला लोकांपुढं."

"हाव. ठरवला. त्याची माफी मागतो, पाया पडतो. पन मी तुमच्या टाइल्सले हात नाई लावला. फोडल्या नाई, फेकल्या नाई. जिथी आईनं लावल्या तिथीच आहेत. खुशबू मॅडम म्हने तोडून टाकू, मी म्हनलं नाई. आत राहू द्या."

"आत! जिवंत गाडल्यासारखं?"

"हे मी कुठी शिकलो, बाबा?" आयुषचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "बारावीनंतर मले सोडाले नागपूरले जाऊन राह्यलो होतो आपन. वाटेत जामच्या फाट्यावर एसटी थांबली. तुमी मले चहा पाजला, आलूबोंडा घेऊन देल्ला. मंग तुमी माह्या शर्टाचं वरचं बटण लावलं. आठवते?"

गुलाबला आठवत होतं. जामच्या थांब्यावरची धूळ, पोराची नुकती फुटलेली मिसरूड, आणि त्याच्या शर्टाच्या उघड्या गळ्यातून चमकणारं अंजनाबाईचं पदक. नागपुरात खोली शोधायची होती. तीन पत्ते खिशात होते आणि तिन्ही मालकांची आडनावं त्यानं बसमध्ये दहादा वाचली होती.

"तुमी म्हनलं, आत राहू दे," आयुष म्हणाला. "टाकू नको, पन दाखवू नको. खोली भेटेपर्यंत."

"खोली भेटेपर्यंत म्हनलं होतं मी."

"खोली भेटली, बाबा. मंग कालेज झालं. नोकरी लागली. लग्न झालं. तुमी कधी म्हनलंच नाई का आता बाहेर काढ."

असं म्हणून आयुषनं शर्टाचं बटण उघडलं आणि गळ्यातली साखळी बाहेर ओढली. पदक होतं. चौदा वर्षं अंगाला घासून घासून एका बाजूनं गुळगुळीत झालेलं, चष्म्याचा अर्धा आकार तेवढा उरलेला. गुलाबला वाटलं होतं ते कधीच हरवलं असेल. त्यानं विचारलंही नव्हतं कधी.

स्वयंपाकघराच्या दारात रिना भिजल्या हातांनी उभी होती. गुलाबच्या हातातली सब्बल खाली आली. एकच वाक्य होतं, चौदा वर्षांपूर्वी म्हणायचं राहून गेलेलं, आणि ते आता त्याच्या जिभेवर आलं होतं. काढ बेटा, आता बाहेरच राहू दे. तोंड उघडून त्यानं श्वास घेतला. छाती घरघरली.

बेल वाजली.

दाराशेजारी नवा स्क्रीन बसवला होता, बाहेर कोण आहे ते दाखवणारा. त्यात मॅनेजरीणबाईंचा चेहरा दिसला. "रिना, गॉगल राहिला गं माझा!" दाराबाहेरून आवाज आला.

तिघंही जागच्या जागी उभी राहिली. आयुषनं हात हलवला नाही. तो बापाकडे बघत होता, गळा उघडा, पदक शर्टावर, आणि या वेळी तो खरोखर थांबला होता; बाप म्हणेल ते करायला तयार होता. गुलाबला ते स्पष्ट दिसलं. नंतर कितीही दिवस त्यानं स्वतःला सांगितलं असतं की दिसलं नव्हतं, तरी ते खोटं ठरलं असतं.

बेल पुन्हा वाजली.

गुलाबचा हात पुढं झाला. त्यानं पदक दोन बोटांत धरून पोराच्या शर्टाच्या आत सोडलं आणि वरचं बटण लावलं. मग सब्बल सोफ्याच्या गादीखाली सरकवली आणि दार उघडायला गेला.